भंगारात जाण्यापूर्वी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत राहणाऱ्या मुलांना पिकअप म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पुढे दोन-तीन माणसे बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. सुताची पोती आणि कापडाचे ताके घेऊन ही गाडी अरुंद गल्ल्यांतून दिवसभर फिरते. पंधरा-वीस वर्षे ती राबते आणि मग एक दिवस बंद पडते. मालक म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना काही येत नाही. गाडीखाली गवत वाढते, टायर बसतात, बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि शेवटी भंगारवाला काटा घेऊन दारात उभा राहतो.

समजा, तुमच्या चाचांच्या कारखान्यामागे अशी एक पिकअप उभी आहे. भंगारवाल्याने भाव सांगितला आहे आणि चाचांनी उत्तर द्यायला आठ दिवस मागून घेतले आहेत. ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येईल, असे तुम्हांला वाटते. चाचांनाही मनातून तसेच वाटते, पण पैसे पाण्यात जातील अशी त्यांना भीती आहे. ती भीती खोटी नाही. जुन्या गाडीच्या नादात घरातली शिल्लक संपवून बसलेली माणसे प्रत्येक गावात सापडतात. म्हणून या आठ दिवसांत काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि चाचांनी 'हो' म्हटलेच तर काम कोठून सुरू करावे, ते या पाठात समजून घेऊ.

उदाहरणासाठी आपण महिंद्राची जुनी डिझेल पिकअप घेऊ. या गाडीचे मूळ जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीने सैन्यासाठी हजारो जीपगाड्या बनवल्या. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तेथे ते आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले. कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती स्वतःच जीप बनवू लागली. त्याच जीपची चॅसिस लांब करून, मागे हौदा बसवून पिकअप तयार झाली. १९८० च्या दशकात या गाड्यांना फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याने बनवलेले २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण कामाचे आहे. जीप सैन्यासाठी बनली होती. रणांगणावर थोड्या हत्यारांनी, थोड्या वेळात ती दुरुस्त करता यावी, अशी तिची रचना होती. तोच गुण पिकअपमध्ये उतरला. हिच्या तळाशी शिडीसारखी दिसणारी पोलादी चॅसिस असते. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाके, केबिन, हौदा हे सगळे या शिडीवर बोल्टांनी बसवलेले असते, म्हणून एकेक भाग सुटा काढता येतो. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे सांगाडे एकमेकांना असे जोडलेले असतात, की ही सोय त्यांत नाही. शिवाय हे भाग अनेक वर्षे बनत राहिल्यामुळे अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तेथे एक फेरी मारली तरी याची खात्री पटेल.

आता पहिल्या दिवसाचे काम. पहिल्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. एक वही, एक पेन्सिल आणि फोटो काढण्यासाठी फोन एवढेच घेऊन गाडीभोवती फिरायचे. पण त्याच्याही आधी चाचांना विचारा, "गाडीचे आरसी बुक कुठे आहे?" पुष्कळ लोक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात आणि मग रंगवून चकचकीत केलेली गाडी अंगणातच उभी राहते. पुस्तकात चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लिहिलेले असतात. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गंजामुळे तो दिसत नसेल तर थोडे रॉकेल लावून तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा. ग्राइंडर मुळीच लावू नका. क्रमांक पुसला गेला तर गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि तो दूर करताना नाकी नऊ येतात. गाडीवर कर्ज बाकी आहे का, कर किती वर्षांचा थकला आहे, नोंदणी अजून चालू आहे का, हे सगळे परिवहन कार्यालयात समजते. मालवाहू गाडी जुनी झाली की तिला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर असतो, तोही हिशेबात धरा. गाडी जुनी आहे म्हणजे ती 'व्हिंटेज' झाली, असे समजू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीचे वय पन्नास वर्षांहून अधिक लागते आणि ती धंद्यासाठी वापरता येत नाही.

कागद ठीक असतील तर गंजाकडे वळा. येथे भाषेची एक गंमत सांगतो. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना, किंवा डोक्यावरचे टक्कल. मराठीत गंज म्हणजे ज्याला तुम्ही 'ज़ंग' म्हणता तो. म्हणून एखादा मराठी मेकॅनिक "या गाडीत फार गंज आहे" असे म्हणाला तर खूश होऊ नका. पण गॅरेजमधले बाकीचे पुष्कळ शब्द तुमच्या ओळखीचेच निघतील. 'औजार'चे मराठीत 'अवजार' झाले आहे. 'दुरुस्ती' दोन्हींकडे सारखीच. 'कमानी' म्हणजे ज्या पोलादी पट्ट्या धनुष्यासारख्या वाकून गाडीला धक्के सोसायला मदत करतात त्या. आणि ज्या 'हौद्या'त आज कापडाचे ताके बसतात, त्याच नावाच्या हौद्यात पूर्वी हत्तीवर राजे बसत.

विज्ञानाच्या तासाला तुम्ही तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून पाहिले असतील. कोरड्या हवेत खिळा गंजत नाही. उकळून हवा काढलेल्या आणि वर तेल ओतलेल्या पाण्यातही तो गंजत नाही. हवा आणि पाणी दोन्ही मिळाली की मात्र गंजतो. गाडीतही अगदी हेच घडते. म्हणून जेथे पाणी साचून राहते, तेथे पाहा. केबिनमधली रबरी चटई उचला. तिच्याखाली पावसाचे पाणी महिनोन्महिने अडकलेले असते. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती मातीने बुजलेली असतात आणि मग दार आतून कुजते. बॅटरीखालची जागा तर हमखास खाल्लेली असते, कारण तेथे आम्ल सांडते. कोकणात किंवा मुंबईला समुद्रकाठी उभी असलेली गाडी खाऱ्या हवेमुळे लवकर गंजते. मालेगावच्या कोरड्या हवेतली गाडी तिच्याच वयाची असूनही पुष्कळ बरी निघते. जुनी गाडी विकत घेणारे जाणकार म्हणूनच आधी विचारतात, ती कोणत्या गावची आहे?

गंज दिसला म्हणजे सर्व संपले, असे नाही. गंजाची जात ओळखावी लागते. नुसता तांबूस थर असेल आणि घासल्यावर खाली चमकदार पोलाद दिसत असेल तर काळजी नको. पापुद्रे सुटत असतील तर ते खरवडून खाली किती जाडी उरली आहे ते पाहा. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला, की पत्रे फुगून एकमेकांपासून दूर होतात. परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोका आणि कान द्या. चांगले पोलाद खणखणीत आवाज देते, कुजलेले 'थप' असा दबका आवाज देते. मातीचे मडके घेताना तुमची अम्मी जशी टिचकी मारून पाहते, तशीच ही परीक्षा. शंका आली तेथे जुन्या स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबा. टोक आत गेले तर तेथे पोलाद उरलेले नाही, फक्त रंग उरला आहे.

केबिनचा किंवा हौद्याचा पत्रा कुजला असेल तर तो कापून नवा जोडता येतो. पत्र्याचे काम करणारे कारागीर गावोगावी आहेत आणि हौदा तर बहुधा मुळातच अशा एखाद्या कारागिराने बांधलेला असतो. चॅसिसचे तसे नाही. सगळा भार तिच्यावर असतो. कमानी जेथे चॅसिसला अडकवलेल्या असतात तेथे, आणि केबिन संपून हौदा सुरू होतो तेथे, बारीक तडे शोधा. आधीच कोणी पट्ट्या मारून वेल्डिंग केले आहे का, तेही पाहा. गाडीने वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिला असेल तर त्याची साक्ष येथे मिळते.

चॅसिस सरळ आहे की वाकडी, हे कसे ओळखायचे? त्यासाठी यंत्र लागत नाही, भूमिती लागते. चॅसिसच्या दोन्ही दांड्यांवर समोरासमोरची दोन-दोन ठिकाणे निवडा. कमानीचे बोल्ट त्यासाठी चांगले. त्या चार बिंदूंचा आयत होतो आणि आयताचे कर्ण समान असतात, हे तुम्ही शिकला आहात. दोरीला ओळंबा बांधून चारही बिंदू खाली जमिनीवर उतरवा, खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन-चार मिलिमीटरांचा असेल तर तो मोजण्यातला समजा. बोटभर फरक आला तर गाडीला पूर्वी मोठा अपघात झालेला आहे. अशी गाडी सरळ चालत नाही, टायर खाते आणि ब्रेक लावल्यावर भरवसा देत नाही. चॅसिस वाकडी असेल किंवा कुजलेली असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: भंगारवाल्याला होकार द्या. फार तर इंजिन आणि गिअरबॉक्स काढून ठेवा, ते दुसऱ्या एखाद्या गाडीच्या उपयोगी येतील. पाठ येथेच संपला असे म्हणायला मला मुळीच संकोच वाटला नसता, पण तुमच्या चाचांची चॅसिस चांगली निघाली असे आपण धरून चालू.

गाडीखाली शिरण्याची वेळ आली आहे, म्हणून थोडे थांबा. ही पिकअप रिकामी असली तरी तिचे वजन एक टनाहून जास्त असते. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याच्या आतले तेल गळाले किंवा तो जरा तिरका झाला, की गाडी क्षणात खाली येते. गाडी उचलली की तिच्याखाली लोखंडी घोड्या लावायच्या आणि भार घोड्यांवर उतरवायचा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावू नका. ते भार सोसताहेत असे वाटते आणि एकाएकी फुटतात. जमीन कच्ची असेल तर घोडीखाली जाड फळी द्या. जी चाके जमिनीवर आहेत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. सगळे झाल्यावर गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन पाहा. ती हलली तर खाली जाऊ नका. आणि एकटे असताना तर कधीच जाऊ नका. तुमच्यासाठी आणखी एक नियम आहे: गाडीखाली उस्ताद जाईल, तुम्ही बाहेरून पाना द्यायचा. यात कमीपणा नाही. कोणत्या बोल्टला कोणता पाना लागतो, हे शागीर्द याच रीतीने शिकतो.

पान्यांची गोष्ट निघालीच आहे तर या गाडीची एक खोड सांगितली पाहिजे. जीप अमेरिकेची, म्हणून चॅसिसचे बहुतेक बोल्ट इंचाच्या मापाचे. इंजिन फ्रान्सचे, म्हणून त्याचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. एकाच गाडीत दोन देशांची मापे! अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या बोल्टवर १३ चा पाना बसतो, पण किंचित सैल बसतो. जोर लावला की बोल्टचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कोणत्याच पान्याला दाद देत नाही. घाईत केलेली ही एक चूक पुढे दोन तासांचे काम वाढवते. म्हणून पान्यांचे दोन्ही संच हवेत आणि पाना सैल वाटला तर तो बदलायचा. जाम झालेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवा. सकाळी हातोडीचे दोन-चार हलके ठोके द्या, आधी जरासा आवळा, मग सोडवा.

आता इंजिन. प्रत्येकाला पहिल्या दिवशी चावी फिरवून पाहण्याचा मोह होतो. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला की काय होते ते पाहू, असे चाचासुद्धा म्हणतील. त्यांना अदबीने थांबवा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पाणी शिरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फने इंजिन फिरवले तर पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. जे इंजिन थोड्या खर्चात सुरू झाले असते, ते अशा एका क्षणात पूर्ण उघडावे लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तेलाची पट्टी काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. एअर फिल्टर उघडा. उंदरांनी आत कापूस आणि कागद भरून ठेवलेले असतात, ते इंजिनात ओढले जाऊ देऊ नका. टाकीतले जुने डिझेल सगळे काढा. डिझेलपेक्षा पाणी जड असते, त्यामुळे ते तळाशी बसते आणि टाकी आतून गंजवते. त्यानंतर हीटर प्लग काढा. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा वीसपटीहून अधिक दाबली, की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हीटर प्लग फक्त थंड इंजिन सुरू करताना ती जागा गरम करतो. हे प्लग काढल्यावर दाब राहत नाही, म्हणून इंजिन हाताने फिरवता येते. त्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसेच ठेवा. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहून, पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून इंजिन सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले तर चाचांना चहा पाजायला सांगा. जाम असेल तर जोर करू नका. आणखी तेल, आणखी दोन दिवस. तरीही हलले नाही तर हेड उघडावे लागेल आणि मग खर्चाचा आकडा बदलेल.

एवढे झाल्यावरही इंजिन सुरू करण्याची घाई नको, कारण ब्रेक अजून पाहिलेले नाहीत. माझ्या मते जुनी गाडी हाती घेणाऱ्याने आधी ती थांबेल याची व्यवस्था करावी, मग ती धावेल याची. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. त्या ओलीने मास्टर सिलिंडर आणि चाकांतले छोटे सिलिंडर आतून गंजतात, रबरी वायसर कडक होतात, रबरी नळ्या फुगतात. हे भाग स्वस्त असतात, म्हणून तपासत बसण्यापेक्षा सगळेच नवे घालणे शहाणपणाचे. कोणी सांगेल की ब्रेक ऑइल नाही तर थोडे इंजिन ऑइल टाकून काम भागवा. ऐकू नका. त्या तेलाने रबर फुगते आणि ब्रेक अडकतात किंवा निकामी होतात. ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी दिसते. ती फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की पुढे गंभीर आजार होतात. ओल्या फडक्याने ती पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्या.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी खोल दिसते म्हणून जुन्या टायरवर विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षे एका जागी उभा राहिलेला टायर आतून कमकुवत होतो. वायरिंगचेही तसेच. उंदरांनी कुरतडलेल्या वायरवर चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही, कारण गाड्यांना आगी बहुधा अशाच ठिकाणी लागतात. ही दोन्ही कामे होईपर्यंत बॅटरीची वायर काढूनच ठेवा, आणि काढताना नेहमी अर्थची वायर आधी.

दुरुस्ती सुरू झाली की आणखी एक मोह पडतो. पहिल्या रविवारी उत्साहाने सगळी गाडी सोडवली जाते. संध्याकाळी अंगणात पोतेभर नट-बोल्ट, दोन दारे, दोन सीटा आणि शंभर अनोळखी तुकडे पडलेले असतात. दोन महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला ते कोणालाच आठवत नाही. पुष्कळ गाड्या गंजाने मरत नाहीत, अशा पोत्यांत मरतात. म्हणून एका वेळी एकच भाग उघडा. उघडण्यापूर्वी फोटो काढा. बोल्ट लहान पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण उस्तादला वाचता येईल असे लिहा. तो भाग साफ करून, दुरुस्त करून, परत बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पैशांचा हिशेबही याच वहीत करा. एका पानावर भंगारवाल्याने देऊ केलेली रक्कम लिहा. दुसऱ्या पानावर ब्रेक, टायर, वायरिंग, बॅटरी, पत्र्याचे काम, थकलेला कर आणि दाखल्याचा खर्च लिहा. प्रत्येक भावाची दोन दुकानांत चौकशी करा. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा, नुसते नाव सांगून आणलेला भाग अनेकदा जुळत नाही. या बेरजेत अडचणींसाठी निदान चौथा हिस्सा वाढवा. आणि मग विचारा, एवढ्या पैशांत चालू स्थितीतली जुनी पिकअप मिळते का? मिळत असेल तर चाचांना तसे प्रामाणिकपणे सांगा. तरीही ते म्हणतील, "याच गाडीवर मी धंदा उभा केला, हीच हवी," तर तो त्यांचा अधिकार आहे. पण मग आकडा माहीत असताना घेतलेला तो निर्णय असेल.

इंजिन बदलायचे किंवा हौद्याची रचना बदलायची मनात असेल तर त्यासाठी परिवहन कार्यालयाची आधी परवानगी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. आणि गाडी कितीही चांगली झाली तरी अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत ती रस्त्यावर तुम्ही चालवायची नाही.

रंगाबद्दल थोडेसेच सांगतो, कारण तो सर्वांत शेवटी येतो. कुजलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला तर गाडी एक पावसाळा सुंदर दिसते. पुट्टीखाली गंज वाढतच असतो. कुजलेला पत्रा कापा, नवा जोडा, गंजरोधक प्रायमर द्या आणि मग रंग. मात्र जुना रंग खरवडण्यापूर्वी मागच्या फाळक्याचा फोटो नक्की काढा. तेथे एखाद्या पेंटरने कधीतरी फूल, गरुड किंवा एखादा शेर रंगवलेला असतो. असे हाताने लिहिणारे पेंटर आता कमी होत चालले आहेत. फोटो असेल तर उरलेल्यांपैकी कोणाकडून तरी तीच अक्षरे पुन्हा लिहून घेता येतील.

शेवटी तो दिवस येतो. ताजे डिझेल, नवे फिल्टर, नवे तेल, रेडिएटरमध्ये पाणी. डिझेलच्या नळीत हवा अडकलेली असते, तोवर इंजिन सुरू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी बुडबुडे येतात, मग नुसते डिझेल येऊ लागते, तेव्हा स्क्रू आवळा. एका माणसाला डिझेल बंद करण्याच्या खटक्याजवळ उभे करा, कारण बिघडलेल्या पंपाने इंजिन वेडेवाकडे वेग घेऊ शकते. मग चाचांनाच चावी द्या. सुरू होताच थोडा पांढरा धूर आला आणि इंजिन तापल्यावर गेला तर हरकत नाही. निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. काळा राहिला तर नोझल किंवा पंप तपासायला हवा. तेलाच्या दाबाचा काटा वर आला नाही तर लगेच बंद करा.

त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. अंगणातच, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने पुढे न्यायची आणि ब्रेक दाबायचा. गाडी डावीकडे ओढली गेली तर डाव्या चाकाला दोष देऊ नका. ते आपले काम करते आहे. उजवीकडचे ड्रम पुन्हा उघडा.